व्हिसासाठी गाऱ्हाणं

आमच्या कोकणातल्या गावात देवाला गाऱ्हाणं घालायचं काम शेजारच्या काकांचं. एरवीही ते त्याच लयीत बोलतात. त्यांनी चहा मागितला तरी गाऱ्हाण्यात सगळे म्हणतात तसं "व्हय म्हाराजा" म्हणावंसं वाटतं.

परदेशी शिकायला जाणारा घरातला मी पहिलाच. निघण्याआधी काकांनी विचारलं, "झिला, व्हिसा टिकवूक काय काय पाळूक लागता?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवून त्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाचो वर्ग चुकाक दिव नको, पासपोर्टाची मुदत सराक दिव नको, आणि तो पैशाच्या मोहान नेमापेक्षा जास्त काम करूक गेलो, तर तेका आडव रे म्हाराजा!"

मागून सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" मला हसू आलं. आई डोळे पुसत होती.

तिकडे मी काम करायचो त्या हॉटेलच्या मालकाने एकदा परवानगीपेक्षा जास्त तास देऊ केले. "कुणाला कळणार?" म्हणाला. कळलं असतं तर व्हिसा आणि शिक्षण दोन्ही गेलं असतं. शिवाय माझ्यासाठी अख्ख्या गावाने "व्हय" म्हटलं होतं. मी "नाही" म्हणालो.

सुट्टीत आल्यावर काकांना हे सांगितलं. ते गालात हसले.

"मगे, आमचो आवाज थंयसर परदेशात पावलो मां?"