डावीकडे ओढणारी अँबॅसिडर

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी जुनी अँबॅसिडर घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला विरोध बाबांनी केला. बाबा चौऱ्याऐंशीचे. सगळी नोकरी त्यांनी सरकारी अँबॅसिडर चालवण्यात घालवली. साहेब बदलत गेले, गाडीही दोनदा बदलली, ड्रायव्हर मात्र तेच राहिले.

मी म्हणाले, "बाबा, तुमचीच गाडी आणायची म्हणतेय."

पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, "ती माझी कधी हुती? अन् आता तिचं सामान मिळत न्हाई. एखादी नवी घे, बटनावर चालनारी."

ती त्यांची नव्हती हे खरंच. आम्हा भावंडांना त्यांनी त्या गाडीत कधी बसू दिलं नाही. सकाळी ते गाडी धुवायचे तेव्हा मी बादली धरून शेजारी उभी राहायचे. बॉनेट उघडलं की हा रेडिएटर, हा कार्ब्युरेटर असं एकेक दाखवायचे. मला शाळेतल्या पुस्तकांआधी ती नावं पाठ झाली होती. पुढे मी नर्स झाले, ग्रामीण रुग्णालयात सगळी वर्षं काढली, आणि आता हातात मोकळा वेळ आल्यावर ते बॉनेट पुन्हा आठवायला लागलं.

नेवाशाजवळच्या एका गावात अशी गाडी विकायची आहे, हे मला एका जुन्या सहकारी बाईंकडून कळलं. तिथल्या डॉक्टरांची गाडी होती. डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्या पत्नी आता मुलीकडे राहायला जाणार होत्या. फोटोत गाडी पांढरीशुभ्र दिसत होती. मी तर लगेच होकार कळवायला निघाले होते. बाबा म्हणाले, "फोटोत सगळंच पांढरं दिसतं. आधी चाचाला ने."

चाचांचं गॅरेज केडगावात, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. वय सत्तरीचं. त्यांच्या दोन्ही मुलींची बाळंतपणं आमच्या रुग्णालयात झाली, तेव्हापासून ते मला सिस्टर म्हणतात. त्यांनी आधी गाडीचा नंबर मागितला, मोबाईलवर टाकायला लावला. पहिले मालक डॉक्टर, नंतर त्यांच्या पत्नीचं नाव, गाडीवर बोजा नाही, पासिंग संपलेलं, विमा संपलेला. "कागद तर सरळ दिसतोय," चाचा म्हणाले. "आता त्या बाईंना फोन करून सांगा, आमी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन खोटं बोलत न्हाई."

एका रविवारी सकाळी चाचांच्या व्हॅनमधून आम्ही तिघं निघालो. नको नको म्हणत बाबा सर्वांत आधी तयार होऊन बसले होते.

डॉक्टरांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, सडपातळ, चष्मा गळ्यात अडकवलेला. मी त्यांना काकू म्हणू लागले. त्यांनी एक कापडी पिशवी आणून दिली. त्यात आरसी बुक, जुने विम्याचे कागद, टायर घेतल्याच्या पावत्या, सगळं होतं. "गाडीला काय काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "गाडी म्हणजे ह्यांचा प्रांत होता. पण उन्हाळ्यात ती तापते आणि मागचं डावं दार आतून उघडत नाही, एवढं मला माहीत आहे."

चाचांनी गाडीला हात लावण्याआधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवत गेले. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते, हे त्यांनी मला सांगितलं. डाव्या मडगार्डवर वीतभर जागेत ते घसरून पडलं, बाकी सगळीकडे चिकटलं. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहिलं. इंजिनवरच्या आणि चासीच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि कागदावर उमटलेले आकडे माझ्याकडे दिले. मी आरसी बुकाशी ताडून पाहिले. एकेक अंक जुळला.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. चाचा मागे धुराकडे बघत होते. बाबा मात्र डोळे मिटून उभे होते. मिनिटभर ऐकून म्हणाले, "आवाज चांगला हाय. लई चांगला हाय."

विमा नसल्यामुळे मी मोठ्या रस्त्यावर जायला तयार नव्हते. काकूंच्या घरामागून त्यांच्याच शेताचा रस्ता पाटापर्यंत सरळ जात होता. मी चालवायला बसले, बाबा शेजारी, चाचा मागे. पुढची सीट एकसलग असते, त्यामुळे बाबांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मला वाटलं ते गियर टाकायला शिकवतील, पण ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. पाट दिसू लागल्यावर म्हणाले, "हात सोड जरा."

मी स्टेअरिंग सोडलं. गाडी हळूहळू, अगदी शांतपणे, डावीकडे वळायला लागली.

"ओढतीय," बाबा म्हणाले.

परत आल्यावर चाचांनी आधी टायरमधली हवा पाहिली. ती ठीक होती. मग पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. काकूंनी चहा आणला, तो निवला, तरी ते बाहेर येईनात. दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा नुसतं "व्हय" ऐकू आलं.

बाहेर आले तेव्हा त्यांनी हात पुसले नाहीत. व्हरांड्याच्या पायरीवर बसून काकूंना विचारलं, "बाई, या गाडीला उसाच्या ट्रेलरची धडक बसली हुती का? लई वर्षांपूर्वी?"

काकू चकित झाल्या. "हो. धाकटी पोटात होती माझी. पण तुम्हाला कसं कळलं?"

"खाली माझ्या हातचं काम हाय."

आम्हाला काही समजेना. मग चाचांनी सगळं सांगितलं. तेव्हा ते नगरच्या एका गॅरेजात कामाला होते, तिशीच्या आतले. पुढची डावी बाजू दाबलेली गाडी एका डॉक्टरांनी आणली होती. खालच्या सांगाड्याची पट्टी वाकली होती. ती उतरवून, तापवून सरळ करायची आणि मग जोडायची, असं चार दिवसांचं काम. पण चाचांच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्यांना गावी जायचं होतं. त्यांनी वाकलेली पट्टी तशीच ठेवली, वरून दुसऱ्या पत्र्याचा तुकडा जोडला, काळा रंग मारला आणि दुसऱ्या दिवशी गाडी दिली.

"मी डावखुरा. माझा वेल्डिंगचा टाका उलट्या अंगानं जातो," ते म्हणाले. "अन् तुकड्याचे कोपरे गोल कापायची सवय मला उस्तादांनी लावली. दोन्ही खुणा बघितल्या तेव्हा वाटलं, दुसऱ्याचंबी असंल. मग डॉक्टरसाहेब आठवले. जाताना पेढे दिले हुते त्यांनी, बहिणीच्या लग्नाचं कळलं म्हणून."

 मला चाचांकडे बघवेना.

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गाडीकडे पाहत राहिल्या. मग त्यांना हसू आलं. "आत्ता आठवलं, ती सदा डावीकडे जायची. मी म्हणायचे दाखवा कुणाला तरी. हे म्हणायचे, गाडी बरोबर आहे, आपल्या तालुक्यातले रस्तेच वाकडे आहेत. इतकी वर्षं उजवीकडे हात दाबून चालवली त्यांनी." मग त्या चाचांना म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळणार होतं?"

"सिस्टर चालवनार ही गाडी," चाचा म्हणाले. "मला कळलं असतं ना."

बाबांनी विचारलं, "नीट हुईल का?"

"हुईल. तुकडा कापून पट्टी नवी करावी लागंल. तीन आठवडे. माझंच अर्धं ऱ्हायलेलं काम हाय, मीच पुरं करनार, त्याचं काय घेनार न्हाई. पन सिस्टर, माझ्या शब्दावर गाडी घेऊ नका. मी आता तपासनारा ऱ्हायलो न्हाई. दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा. तो न्हाई म्हनला तर सोडून द्या."

 परतल्यावर चाचांच्या गॅरेजपाशी उतरून आम्ही दोघं चालत घरी निघालो, तेव्हा बाबा म्हणाले, "जन्मभर मेस्त्री बघितले. दुसऱ्याची चूक सगळे दाखवतात. आपली दाखवनारा ह्यो पहिला."

मी चाचांचं ऐकलं. पुढच्या आठवड्यात नगरहून दुसऱ्या मेस्त्रींना नेलं. त्यांनी तासभर पाहून सांगितलं की ती एक जागा सोडली तर सांगाडा शाबूत आहे, गंज फक्त दारांच्या तळाशी आहे. तोवर काकूंकडे आणखी एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. त्यांनी त्याला सांगितलं की गाडी एका सिस्टरसाठी ठेवली आहे. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, त्यांच्या शेजारणीकडून कळलं.

मी गाडी घेतली आणि टेम्पोवर चढवून केडगावात आणली. तीन आठवड्यांचे पाच झाले. बाबा रोज सकाळी वंदना आटोपून, टोपी घालून गॅरेजात जाऊन बसायचे. त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची कायमची निघाली होती. जुना तुकडा कापून निघाला तेव्हा चाचांनी तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "टाका मात्र मजबूत हाय." चाचा पहिल्यांदा मोकळेपणाने हसले, असं बाबांनी घरी येऊन सांगितलं.

विमा काढला, पासिंग झालं आणि सर्वांत आधी आम्ही नेवाशाला गेलो. काकूंना घेऊन प्रवरेच्या पुलापर्यंत चक्कर मारली. गाडी सुतासारखी सरळ चालत होती. काकू पुढे बसल्या होत्या. उतरताना त्यांनी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता सांभाळा." नंतर मुलीकडे गेल्यावरही त्या महिन्यातून एकदा फोन करतात. माझी विचारपूस आधी आणि गाडीची नंतर, असा क्रम त्या कटाक्षाने पाळतात, पण घाई मला ऐकू येते.

गेल्या हिवाळ्यात चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर जखमेचं ड्रेसिंग करायला मी जात होते. आता गाडीखाली झोपता येणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं आणि ते त्याच विचारात पडून होते. एके दिवशी मी पट्टी बांधत असताना ते म्हणाले, "सिस्टर, रोज येता, लई उपकार झाले."

माझ्या हातात कात्री होती. ती ट्रेमध्ये ठेवून मी म्हणाले, "चाचा, त्या दिवशी तुम्ही गाडीखालून बाहेर येऊन गप्प बसला असता, तर मी ती आनंदाने घेतली असती आणि बाबांना शेजारी बसवून त्या वाकलेल्या पट्टीवरच हायवेवर नेली असती. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. आज मानते."

त्यांनी पाय थोडा वर उचलून धरला, म्हणजे मला पट्टीचा शेवटचा वेढा नीट घेता यावा. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "चहा टाका, सिस्टर चालल्यात." आणि एरवी पट्टी बांधून लगेच निघणारी मी त्या दिवशी चहासाठी थांबले.