चार कॉइलींची मोटार आणि सांडू

सांडू वयाच्या पंचविशीपर्यंत मेंढरांमागं हिंडला. मंठ्याच्या काकासाहेबांनी जालन्याच्या रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार सुरू केली, तेव्हा ती बघायला म्हणून तो गावात आला आणि मेंढरांकडं परत गेलाच नाही. आधी मोटार धुवायला लागला, मग हँडल मारून इंजिन चालू करायला, आणि दोन वर्षांत स्टेअरिंगवर बसला. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कुठं आहे ते तो बराबर सांगायचा.

१९३६ साली मोटारीचं दुखणं होतं ठिणगीचं. चार सिलिंडरांना चार कॉइली, लाकडी पेट्यांत बसवलेल्या, आणि प्रत्येकीवर एक थरथरणारी पत्ती. पत्त्या जळायच्या, पेट्या ओल धरायच्या. वाटूरच्या अलीकडचा चढ आला की चारांतले दोन सिलिंडर गप्प. उतारू निमूट खाली उतरून मोटार ढकलायचे. लोक तिला ‘ढकलगाडी’ म्हणायला लागले, ते काकासाहेबांच्या फार जिव्हारी लागलं.

“सांडू, दिवाळीनंतर मोटार काढून टाकायची,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात जालना स्टेशनासमोर सांडूला तशीच एक मोटार दिसली. तिच्या ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, आणि सांडू बघतच राहिला. लाकडी पेट्या गायब! एकच काळी कॉइल, शेजारी ठिणगी वाटून देणारा वाटीएवढा डिस्ट्रिब्यूटर, आणि त्यातून चार प्लगांकडं निघालेल्या चार तारा. इंजिन असं चाललं होतं, की जणू शिवणयंत्र.

“सिकंदराबादेत मिळतं,” तो ड्रायव्हर म्हणाला. “कॉइल एकच, पण ठिणगी बघ कशी निळी पडते!”

सांडू मंठ्याला पोचला तो थेट काकासाहेबांच्या ओसरीवर. “मालक, मोटारीत बिलकुल खोट न्हाई. ठिणगी तेवढी बदलू द्या. मंग चढावर थांबली तर मीच मेंढरांकडं जातो.”

काकासाहेब हसले, पण त्यांनी सिकंदराबादेला पत्र धाडलं.

पंधरा दिवसांनी रेल्वेनं खोकं आलं. आत इंग्रजीतला कागद होता. सांडूनं त्यातली चित्रं तेवढी पाहिली. जुन्या तारांचं रबर हातात चुरा होत होतं, म्हणून त्यानं त्या सगळ्या उपटून फेकल्या. नवी कॉइल बसली, डिस्ट्रिब्यूटर बसला, दिव्यांच्या बॅटरीची तार जोडली. पहिल्या प्लगाला पहिली, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी, चौथ्याला चौथी. हँडल मारलं, तर धाडकन बार झाला, हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. सांडू मटकन खाली बसला.

बायको जयवंताबाई धावत आली. “काय झालं वं?”

“ठिणगी हाये, जोरदार हाये! पण भलत्याच वक्ताला पडून राह्यली. कोन्ता सिलिंडर कोनामागं हवा दाबतो तेच मला ठावं न्हाई. चारी प्लग काढून भोकावर अंगठा धरला तर कळंल. पण एकच हात चांगला हाये. हँडल फिरवू का अंगठा धरू?”

“हँडल मी फिरवते,” जयवंताबाई पदर खोचत म्हणाली. “आन् अंगठा कशाला पायजे? चारी भोकांत चिंध्यांचे बोळे बसवा. ज्याचा जोर आला त्याचा बोळा उडंल.”

सांडूनं चांगल्या हातानं चारी प्लग काढले. मग त्यानं लुगड्याच्या चिंधीचे चार जाड बोळे भोकांत गच्च बसवले. जयवंताबाईनं हँडल धरलं. फट्! पहिला उडाला. फट्! दुसरा. सांडूची नजर तिसऱ्यावर खिळली होती, आणि उडाला चौथा! सगळ्यात शेवटी तिसरा.

“एक, दोन, चार, तीन!” सांडू ओरडला. “अगं, चारानंतर तीन!”

त्यानं शेवटच्या दोन तारांची अदलाबदल केली, प्लग परत बसवले. एका हातानं हँडलला अर्धा फेरा दिला, आणि इंजिन लागलं. भिंतीवरच्या कोंबड्या उडाल्या. जयवंताबाई टाळ्या पिटत होती.

बाजाराच्या दिवशी मोटार खच्चून भरली. पुढं स्वतः काकासाहेब. वाटूरचा चढ दिसताच म्हातारी चतुराबाई सवयीनं गाठोडं सावरत उठली. मागचेही उठू लागले.

“बसा! कोनी उतरू नका!” सांडू ओरडला. “काकी, खाली बसा!”

मोटार चढाला लागली. निम्म्यात आवाज जड झाला. काकासाहेबांनी दांडी घट्ट धरली. सांडूनं स्टेअरिंगखालची, ठिणगी लवकर-उशिरा पाडायची मूठ जरा मागं घेतली, इंजिनानं दम धरला, आणि चारी सिलिंडर ठोके देत वर निघाले. माथा आला तसा सगळ्या मोटारीनं एकच गिल्ला केला. चतुराबाई तर ओरडली, “आरं, अजून एक चढ न्हाई का रं कुठं?”

जालन्याला ते एवढे लवकर पोचले, की अडत्यांची दुकानं अजून उघडायची होती.

मोटार पुढं आठ वर्षं चालली. परतूर, अंबडहून लोक आपल्या मोटारी घेऊन सांडूकडं यायला लागले. मग त्यानं जुन्या जालन्यात छोटा कारखाना टाकला. काकासाहेबांनी स्वतः येऊन नारळ फोडला. नव्या मोटारीचं बॉनेट उघडताना सांडूचे डोळे अजूनही चमकायचे. आणि तारा जोडून झाल्या, की तो आत जयवंताबाईला हाक मारायचा, “अगं, ये जल्दी! हिचा आवाज ऐक!”