उसवणकाकू

उसवणकाकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी पडद्याला हात लावत आणि मग खुर्चीवर बसत. पडद्याची कड अंगठ्यात नि बोटात धरून चुरायची, उजेडाकडे करून आरपार पाहायचं आणि त्याचं पुढे काय होणार ते तिथल्या तिथे सांगून टाकायचं. बाबांची अमरावतीहून यवतमाळला बदली झाली तेव्हा मी सातवीत होते. सामान अजून खोक्यांतच होतं, फक्त बैठकीतले पडदे आईनं हौसेनं नवे लावले होते. शेजारच्या घरातून एक उंच, सावळ्या बाई पोह्यांची ताटली घेऊन आल्या. ताटली आईच्या हातात देऊन त्यांनी पडदा चुरला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. जुना झाला की मले देजा. फेकू नोका."

आईला ते फार लागलं. "काय बाई आहे! आपले पडदे लागून आठ दिवस नाही झाले," ती बाबांना म्हणाली. बाबा पोहे खात होते. ते म्हणाले, "पोहे मात्र झकास आहेत." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचा घास त्यांनी खाली मान घालून खाल्ला.

काकूंचं खरं नाव शांताबाई. काका एस.टी.च्या डेपोत कारकून होते, मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागलेला. ओसरीत त्यांचं पायमशीन होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या मशीनवर कमीच दिसायच्या. दिसायच्या त्या खाली पाय पसरून, अर्ध्या ब्लेडनं काहीतरी उसवत बसलेल्या. कोणाचा अभ्रा, कोणाचा पलंगपोस, कोणाची गादीची खोळ. धागा तुटू न देता त्या अख्खी शिवण अशी ओढून काढत, की पुन्हा तोच धागा वापरता यावा. गल्लीतल्या पोरांनी म्हणून त्यांचं नाव उसवणकाकू ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं नाव हाय. शिवते तर सारेच."

चादरीबद्दल त्या एखाद्या माणसाबद्दल बोलावं तशा बोलत. "माणूस मधात झोपते, तं चादर मधातच मरते. कडा जित्या राह्यतात," असं म्हणत त्या जुनी चादर उभी फाडत. घट्ट राहिलेल्या कडांचे परकर, कुडते, पायजमे होत. मधला विरलेला भाग मात्र त्या वेगळा काढून, धुऊन, घडी करून ठेवत. तो भाग तान्ह्या बाळांचा. "नवं कापड लेकराले टोचते. वीस वर्षं कोणी झोपलं, तवा कुठं हे असं मऊ होते." गल्लीत कोणाला दिवस गेले की तिच्या सातव्या महिन्यापर्यंत झबली, टोपरी नि दुपटी तयार असत. आपल्या घरातली कोणती चादर कोणत्या बाळाच्या अंगावर गेली, हे बायका एकमेकींना कौतुकानं सांगत.

एकदा मी त्यांना विचारलं, की बाजारात इतकं स्वस्त मिळतं, तरी एवढी मेहनत काहून करता? त्यांचं माहेर केळापूरजवळच्या एका खेड्यातलं, घरी कापसाचं शेत. त्या म्हणाल्या, "आमी कापूस येचला हाय, बाई. कंबर मोडून येचला. मले कापड फेकवतच नाई." एवढं बोलून त्यांनी सुईत दोरा ओवायला मला दिला. त्यांना तो आताशा दिसत नसे.

मी आठवीत असताना त्यांनी मला निळ्या फुलांच्या एका चादरीचा कुडता शिवला. तो घालून मी प्राची नावाच्या माझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले. प्राचीची आई मला वाढता वाढता थांबली, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, ही तर आमची चादर!" तिनंच ती कधीतरी काकूंना दिली होती नि विसरून गेली होती. मुली हसून हसून लोळल्या. मी केक तसाच ठेवून घरी पळत आले आणि कुडता काढून काकूंच्या ओसरीत फेकला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच कुडता मला घालायला लावून, हाताला धरून त्या प्राचीच्या घरी गेल्या. मला दारात उभं केलं. "पाहा वं, तुमची चादर कशी शोभून राह्यली हिले. अजून उरली हाय. तुमच्या पोरीचं माप द्या." प्राचीची आई ओशाळून हसली, आणि प्राचीनं मुकाट्यानं हात वर केले. त्या वर्षी आम्ही दोघी एकाच चादरीत यवतमाळभर फिरलो. पुढे कोण हसणार? आमच्यासारखा जोड दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

आईची आणि त्यांची मात्र फार जवळीक नव्हती. आई त्यांना मान देई, चहा देई, जुने कपडे देई. पण तिच्या मनात ती पहिली भेट कुठेतरी राहिली होती.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आम्ही त्या एका वाक्यावर तिला घरी घेऊन आलो. पण घरी आलेली आई वेगळीच होती. डावा हात वर होत नव्हता. ब्लाऊज चढत नव्हता, आणि चढला तरी एका बाजूनं रिकामा लोंबत होता. बाबांचा सदरा अंगावर टाकून, गळ्यापर्यंत चादर ओढून ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. भेटायला आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवत असे. तसं तिनंच सांगितलं होतं. जखम पुसायच्या वेळीसुद्धा ती मला खोलीबाहेर काढायची.

काकू दोनदा परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलंच नाही. सरळ खोलीत गेल्या, पलंगाशी उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "सुनंदाबाई, उठा. मले चादर पाह्यजे."

"कोणती चादर?" आईनं भिंतीकडेच पाहत विचारलं.

"हेच. तुमच्या आंगाखालची. चांगली मऊ झाली हाय."

आईला इतका राग आला, की ती खरोखरच उठून बसली. किती दिवसांनी तिला मी असं ताठ बसलेलं पाहिलं. काकूंनी पलंगावरची चादर ओढून घेतली, उजेडाकडे धरली आणि दातांनी कड चावून टरकन फाडली. मग कमरेची टेप काढली. आईनं सदरा मुठीत घट्ट धरला.

"माप नको," ती म्हणाली.

"मापाबिगर कसं शिवू? माह्यासमोर काय लाजता? दाखवा."

मी निघून जायला वळले. आईनं मला थांबवलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी दाराशीच थांबले. मग तिनं एका हातानं सदऱ्याची बटणं काढली.

काकूंनी चष्मा वर सरकवला. खाली वाकून त्यांनी ती जखम या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली, जशा त्या कोणाचीही शिवण पाहत. आणि म्हणाल्या, "डाक्टरनं टाके बारीक घातले हायेत. हात चांगला हाय त्याचा."

आई आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. हसताना तिचं दुखत होतं, तरी ती थांबत नव्हती, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते आम्हाला कळलं नाही. काकू तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "रडा, रडा. पण हात थोडा वर करा. मले मुंढा मापू द्या."

संध्याकाळपर्यंत कपडा तयार झाला. पुढून एकावर एक येणारा, कडेला नाड्यांनी बांधायचा, बाराबंदीसारखा. हात सहज जावा म्हणून मुंढे भरपूर मोठे. टोचू नये म्हणून शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला. डाव्या अंगाला आतून एक खिसा, त्यात काकूंनी भावाच्या शेतातला पिंजलेला कापूस भरला होता. आईनं तो घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, हे तर झबलं आहे!"

"मंग? नव्यानंच तं आल्या तुमी," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आई तो घालून अंगणात बसली. पुढे तपासणीला नागपूरला गेली तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी तिला घेरून नाड्या नि खिसा पाहिला. तिथल्या नर्सनं आणखी मागितले. मग शेजारच्या ओसरीत आई नि काकू दोघी बसू लागल्या, एक उसवायला नि एक शिवायला. जखमेच्या बाजूचा हात सुटा व्हावा म्हणून काकू आईकडून मुद्दाम लांब लांब चादरी फाडून घेत. गल्लीतली मऊ चादर आता अर्धी बाळांना जाई नि अर्धी नागपूरला.

काका गेल्यावर मुलगा काकूंना पुण्याला घेऊन गेला. त्यांना जायचं नव्हतं, पण गुडघे चालत नव्हते. मशीन त्यांनी आईच्या खोलीत आणवलं. ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसताना आई त्यांचा हात सोडेना. काकू म्हणाल्या, "तेल टाकत जाजा वं मशीनीत," आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. रडताना कोणी पाहिलेलं त्यांना चालत नसे.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्याचा फोन आला. आई पुण्याला जाऊन आली. परत आल्यावर दोन-तीन दिवस तिनं मशीनवर झाकलेलं कापड काढलं नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात वणीकडची एक बाई आली. नर्सनं पत्ता दिला होता. नवरा बाहेर बाबांशी खाणीवरच्या ड्युटीबद्दल बोलत बसला. बाई आत आली ती अंगभर पदर लपेटून. तरुण होती, पस्तिशीचीसुद्धा नसेल. आईनं टेप हातात घेतली तशी ती मागे सरकली. नाव विचारलं तरी बोलेना.

मी चहा घेऊन दारात उभी होते. आईनं टेप बाजूला ठेवली. तिनं आपल्याच नाड्या सोडल्या आणि उजेडाकडे तोंड करून, त्या बाईला नीट दिसेल अशी बसली.

बाई पाहत राहिली. मग तिनं पदर थोडा सैल केला आणि पहिल्यांदाच बोलली, "तुमाले अजून दुखते काय?"

"थंडीत. थोडंसं," आई म्हणाली. "हात वर कर बघू. जेवढा होईल तेवढाच."