लाल चिंधीवाले काका

"चिंधी दिसली का गं?"

सकाळी आत पाऊल टाकलं की काकांचा हाच पहिला प्रश्न. खोक्यांच्या थप्पीवर तळहात ठेवायचे, जणू तिचा तापच बघताहेत, आणि चष्म्यावरून आम्हा बायकांकडे बघायचे. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा.

हे आमचे स्टोअरवाले काका. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी मरोळला फण्यांच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होते. फण्या भरायला लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची खरेदी काकांकडे. ते येण्याआधी खोके ट्रकभर यायचे. खोली पार खिडकीपर्यंत भरायची नि आम्ही भर दुपारी दिवा लावून घाम पुसत बसायचो. तळचे खोके ओल धरायचे, त्यावरचे उंदीर कुरतडायचे.

काकांनी ट्रक बंद केला. मरोळ गावातला एक खोकेवाला शोधला. नवरा-बायको घरातच खोके चिकटवायची. भाव जरा चढा, पण हवे तेवढेच द्यायची आणि हवे तेव्हा.

शेठ कुरकुरले, "काका, ट्रकवाला स्वस्त देतो."

"देतो ना! पण ठेवता कुठे? आणि उंदरांचं जेवण कुठल्या खात्यात धरलंत?"

"ठीक आहे. पण एकदा जरी काम अडलं, तर ट्रक परत."

ट्रक परत म्हणजे आमची खिडकी गेलीच की हो!

म्हणून मग ती चिंधी. थप्पीतल्या सगळ्यात खालच्या गठ्ठ्याला काका लाल चिंधी बांधायचे. वरचे खोके संपून चिंधी दिसली की त्यांना हाक मारायची. तो गठ्ठा वापरून होईपर्यंत नवे खोके दारात. आम्ही चिडवायचो, "काका, घरी काकूंनाही हेच शिकवलंत का?"

"घरात कोण ऐकतंय माझं!"

दिवाळीच्या तोंडावर आमच्यातल्या मार्थाच्या जेवणाच्या डब्याचं झाकण सैल झालं. तिने काय करावं? थप्पीच्या तळाशी हात घालून चिंधी सोडली नि डब्याला बांधली! आम्ही आपल्या गप्पा मारत भरतोय, भरतोय, आणि दुपारी हात घातला तर खाली फरशी. दारात माल न्यायला टेम्पो उभा. शेठ ओरडत आले, "बघा! बोलावतो ट्रक."

काकांची नजर खोलीभर फिरली आणि मार्थाच्या डब्यावर थांबली. मार्थाने डबा पटकन मागे सरकवला.

"माझीच गाठ सैल राहिली, शेठ," काका म्हणाले. "टेम्पो जरा थांबवा."

आणि शेठचीच सायकल घेऊन निघाले. परतले ते हातगाडी ढकलत, सोबत खोकेवाला आणि त्याची बायको. "काका, गोंद ओला हाय, दाबू नका," ती बाई सारखी बजावत होती. टेम्पो भरला. ट्रकचं नाव शेठनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मार्थापुढे निळ्या कापडाची पट्टी धरली. "ही डब्याला. लाल माझी."

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी आणि मार्था भांडुपला त्यांच्या घरी गेलो. नको नको म्हणताना काकू चहाला उठल्या. डब्यातली साखर संपलेली, म्हणून त्यांनी फळीवर हात घातला. तिथे एकच पुडी उरली होती, लाल चिंधी बांधलेली.

ती हातात घेऊन काकू सवयीने बाहेरच्या खोलीकडे वळल्या. "अहो, चिंधी दिसली..."