सरकीचं पोतं आणि तीन चाकांची बाबागाडी

लोखंडी दिवाण, कूलरचा स्टँड, गल्लीच्या तोंडाचं फाटक आणि नातीचा पाळणा. सगळं माझ्या हातचं, कुणाकडे शिकायला न जाता.

बाबागाडीही मीच बनवणार होतो. पण पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचा पाळणा अजून खोलीच्या दारातून बाहेर निघाला नाही. गाडी विकतच घेऊ."

तर मंडळी, आज दिग्रसच्या बाजारात गेलो. सोबत पोरगी, नात आणि बरोबर नातीच्या वजनाचं सरकीचं पोतं. तीन चाकांची गाडी वळते छान, पण पुढचं एकटं चाक अडकलं की कलंडते. म्हणून आधी पोतं बसवायचं, मग पोर.

दुकानदार म्हणाला, "काका, हे पोतं कायले?"

"पट्टा बांध अन् रस्त्यावर चाल," मी म्हटलं.

पहिली गाडी गिट्टीवर कलंडली. दुसरीही. पोत्याचं तोंड सुटलं, सरकी सांडली, गाय धावत आली आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं हळूच निघून गेली.

"बाबा, लाज वाटून राह्यली मले," पोरगी म्हणाली.

सांडलेली सरकी भरून पोतं परत बांधलं. तिसरीचं पुढचं चाक मोठं, हवेचं. गिट्टीवरून, नालीच्या जाळीवरून सरळ गेली. मग नातीला बसवलं, तर ती उतरायलाच तयार होईना. पोरीनं पैसे दिले.

निघताना दुकानदारानं मला बाजूला घेतलं. "काका, हेच पोतं घेऊन एक डाव समोरच्या दुकानात जा ना."

पाचशे रुपये देत होता. मी नाही म्हटलं.