हलव्याची परात

शेजारची मुग्धा दुधाची पिशवी द्यायला आली, तेव्हा थंडीने तिची बोटं खडूसारखी पांढरी पडली होती.

"ल्यूपसच्या आजाराबरोबर हेही आलंय, काका. संक्रांतीचं एक काम माझ्या हातून होत नाही. सासूबाई म्हणतात, तू नुसती बस."

माझ्या बायकोचीही बोटं अशीच व्हायची. थंडीत तिला पाण्यात हात घालवत नसे, पण हलवा ती हट्टाने करायची. मंद शेगडीवर कोमट परात, परातीत तीळ, वर चमचाभर पाक, आणि बोटांनी ते सावकाश फिरवत राहायचं. "एवढं एकच काम माझ्या बोटांच्या बाजूचं आहे," असं म्हणायची. ती गेल्यावर ती परात मी हलवली नव्हती. आज खाली काढली, शेगडीवर ठेवली आणि मुग्धाला पुढ्यात बसवलं.

दुपारभर मुग्धा तीळ फिरवत बसली. हलव्याला काटा काही येईना. पण आजार इतकी दुखणी सोबत आणतो, त्यातलं एखादं असं उबेपुढे नमतं, हे पाहताना मला फार बरं वाटत होतं. सासूबाई बघायला आल्या. त्यांनी सुनेची गुलाबी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि शेजारी बसकण मारली.

"काटा उद्या येईल गं. पाक मी घालते, तू फिरव."