ताटातली अर्धी भाकर

मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बाधा, भानामती असलं काही कोणी काढलं की त्याला गप्प करणारी मीच. तरी हे लिहून काढतेय... कारण मनातून जात नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही अकोल्याला, जठारपेठेत राहतो. नवी गाडी घेतली म्हणून मी बाबांना चिखलदऱ्याला नेत होते — दोघंच. घाटरस्त्यावर जेवायचं कुठं, हे ऑफिसात सगळे मला विचारतात. माझा नियम साधा : मेनूकार्ड नसावं आणि चुलीचा धूर दिसावा. धामणगाव गढी सोडून घाट लागला, आणि एका वळणावर अगदी तसंच ठिकाण दिसलं. टिनाचं छप्पर, समोर दरी, चुलीपाशी एक मावशी. दुसरं गिऱ्हाईक नाही.

ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. चव — अप्रतिम! बाबांचं जेवण झालं, तसा त्यांनी सवयीनं ताटातच हात धुवायला पेला उचलला.

"बाबा, नळ हाय ना तिकडे. ताटात धुता... लोक काय म्हनतीन?"

"इथं कोन लोक हायेत वं? माकडं?" म्हणाले, आणि धुतलाच.

माझ्या ताटात अर्धी भाकर उरली होती. खाल्ली. खाली पाहिलं — अर्धी भाकर. वाटलं, मावशीनं वाढली. पण ती चुलीपाशी पाठमोरी. पुन्हा खाल्ली... पुन्हा अर्धी. कडेचा करपलेला डागसुद्धा तोच.

"किती जेवतं वं पोरी? गाडीचं दार लागन का मंग?"

मला हसायचं होतं. उठायचं होतं. पण हात ऐकेना — तोडायचा, बुडवायचा, तोंडात घालायचा. पोट फुटायला आलं. घास घशात अडकायला लागला, श्वास पुरेना. "बाबा" म्हणायला तोंड रिकामंच होईना. दरीतली सावली चढत चढत गाडीपर्यंत आली आणि मी अजून जेवतच होते.

बाबांचं हसू गेलं. "तुले काय होऊन राहिलं? ... ओ बाई, हे ताट उचला ना!"

मावशी वळलीसुद्धा नाही. "जेवत्या मानसाचं ताट कसं उचलू, भाऊ?"

बाबांनी माझं मनगट धरलं, ताटावर दाबलं आणि पेलाभर पाणी ओतलं — बोटांवर, भाकरीवर, ठेच्यावर. "झालं तिचं जेवन!" ते ओरडले.

हात सैल पडला. मावशी आली, ताट उचलून घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलं पण नाही.

चिखलदरा राहिला, तिथूनच परतलो. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी. असेल... पण भाकरीचं काय? आणि मावशीला काही माहीत होतं, की ती बिचारी नुसती रीत पाळत होती? मला आजही सांगता येत नाही.

परवा अमरावतीला ऑफिसची पार्टी होती. मोठं हॉटेल. लिंबू टाकलेल्या गरम पाण्याची वाटी समोर आली. मी ती बाजूला सारली, ग्लास उचलला आणि ताटातच हात धुतला. शेजारच्या मॅडम बघत राहिल्या.

बघू दे.